तारीख १८९८ ची, छपाई १९१५ ची : झारशाही रूबलच्या नोटा जमवताना

रशियन साम्राज्याच्या नोटा जमवायला घेतल्या की पहिले एक-दोन महिने नोट हाती येण्यापेक्षा हद्द ठरवण्यातच जावेत. येकातेरिना दुसरी हिच्या काळात १७६९ मध्ये पहिल्या कागदी नोटा, म्हणजे असिग्नात्सिया, चलनात आल्या. तिथपासून १९१७ पर्यंतचा सगळा पट्टा कवेत घेऊ म्हणणाऱ्याचा संग्रह पहिल्याच टप्प्यावर अडतो. असिग्नात्सिया आणि १८४३ पासूनच्या सुरुवातीच्या 'क्रेडिट नोटा' दुर्मीळ आहेत, महाग आहेत आणि त्यांच्या नकलाही भरपूर आहेत. १८६६ च्या नमुन्याच्या, रंगीबेरंगी पार्श्वभूमीमुळे 'इंद्रधनुषी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शंभराच्या नोटेची चांगली प्रत परवडणारे लोक हा लेख वाचणार नाहीत असे मी धरून चालतो.

परवडणारा आणि तरीही पुरेसा खोल असा पट्टा १८९८ ते १९१७ हा. अर्थमंत्री विट्टे यांनी १८९७ मध्ये रूबल सोन्याला बांधला आणि त्यानंतर नव्या नमुन्याच्या नोटा निघू लागल्या. १, ३, ५, १०, २५, ५०, १०० आणि ५०० अशी आठ दर्शनी मूल्ये. सगळ्या नोटा सेंट पीटर्सबर्गच्या फोन्तान्का नदीकाठी १८१८ पासून चालत आलेल्या सरकारी छापखान्यातल्या. रंगांची परंपरा जुनी आणि पक्की : एकाची पिवळट, तीनची हिरवी, पाचाची निळी, दहाची लाल, पंचविसाची जांभळट. पुढे सोव्हिएत नोटांनीही हीच रंगसंगती पुष्कळशी चालवली. शंभराच्या नोटेवर येकातेरिना दुसरी आहे म्हणून लोक तिला 'कातेन्का' म्हणत. पाचशेवर पीटर पहिला, पन्नासावर निकोलाय पहिला, पंचविसावर अलेक्सांद्र तिसरा.

आता मुख्य गोष्ट. नोटेवर छापलेले वर्ष हे ती नोट छापल्याचे वर्ष नव्हे. ते नमुना मंजूर झाल्याचे वर्ष. नवा नमुना येईपर्यंत जुने वर्ष तसेच चालू राहायचे. तीनची नोट १९०५ मध्ये बदलली. पाच, दहा आणि पंचवीस १९०९ मध्ये, शंभर १९१० मध्ये आणि पाचशे १९१२ मध्ये. एकाची १८९८ ची आणि पन्नासाची १८९९ ची मात्र शेवटपर्यंत बदललीच नाही. त्यामुळे '१८९८ ची सव्वाशे वर्षे जुनी नोट' म्हणून विकली जाणारी एका रूबलची नोट बहुतेक वेळा पहिल्या महायुद्धातली असते, आणि कित्येकदा क्रांतीनंतरची. विक्रेता खोटे बोलतोच असे नाही. त्याने नोटेवरचा आकडा वाचलेला असतो, सही वाचलेली नसते.

सही वाचायला शिकणे हाच या छंदाचा प्रवेश. प्रत्येक नोटेवर दोन छापील सह्या असतात : एक सरकारी बँकेच्या व्यवस्थापकाची, दुसरी रोखपालाची. व्यवस्थापक चारच आहेत. प्लेस्के १८९४ ते १९०३, तिमाशेव १९०३ ते १९०९, कोन्शिन १९०९ च्या अखेरीपासून १९१४ पर्यंत आणि शिपोव १९१४ ते १९१७. म्हणजे १८९८ लिहिलेल्या नोटेवर शिपोव असेल तर ती १९१४ च्या आधी छापली गेलेलीच नाही. रशियन येत नसले तरी चालते. आडनावाचे पहिले अक्षर पकडायचे : प्लेस्केचा प दोन खांबांच्या दारासारखा, तिमाशेव आणि कोन्शिन यांची अक्षरे इंग्रजी टी आणि के यांना जवळची, शिपोवचा श तीन उभ्या रेघांचा. सही वळणदार असल्याने छापील अक्षर डोळ्यांसमोर ठेवून ती ओळखता येईलच असे नाही. म्हणून चारही सह्यांचे खात्रीच्या नोटांवरून घेतलेले मोठे फोटो फोनमध्ये एका जागी ठेवावेत. चार-पाच नोटा हाताळल्या की फोटो काढावा लागत नाही.

रोखपाल मात्र भरपूर. सोफ्रोनोव, आफानास्येव, मेत्स, बारिशेव, गुसेव, इवानोव अशी लांबलचक यादी आहे आणि प्रत्येक मूल्याच्या नोटेवर त्यांतले कोणते आढळतात ते वेगळे. सुरुवातीला रोखपालांच्या मागे लागू नये. आधी व्यवस्थापकांचा संच पुरा करावा. त्याचे गणित सोपे आहे : १ रूबल चारही सह्यांत मिळतो, १९०५ चा ३ तीन सह्यांत, १९०९ चा ५ दोन, १९०९ चा १० तीन, १९०९ चा २५ दोन, १८९९ चा ५० चार, १९१० चा १०० दोन आणि १९१२ चा ५०० दोन. एकूण बावीस. त्यानंतर वाटलेच तर बदललेल्या मूल्यांचे १८९८-९९ चे जुने नमुने, ज्यांवर मुख्यतः प्लेस्के आणि तिमाशेव येतात. तिथे खर्चाची पायरी एकदम उंच होते, विशेषतः जुन्या शंभर आणि पाचशेला.

बावीसपैकी शिपोवच्या आठ नोटा आधी घ्याव्यात. त्या मुबलक आहेत आणि हे मुबलकपण उगाच आलेले नाही. युद्ध सुरू होताच जुलै १९१४ मध्ये नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवण्यात आले आणि छापखाना मोकळा सुटला. युद्धापूर्वी साधारण १.६ अब्ज रूबलच्या नोटा चलनात होत्या. १९१७ च्या वसंतात हा आकडा ९ अब्जांच्या पुढे गेला होता. क्रांतीनंतर लोकांनी नव्या सरकारांच्या कागदापेक्षा झारच्या नोटा घरात दडवून ठेवणे पसंत केले. त्या पुढे कवडीमोल झाल्या, पण जपल्या गेल्या. त्यामुळे शिपोव सहीच्या १, ३, ५, १० च्या वापरलेल्या नोटा आजही काहीशे रुपयांत मिळतात आणि पाचशेची भलीमोठी नोटही कोणाला वाटते तितकी दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहेत त्या प्लेस्के आणि तिमाशेव सह्यांच्या, आणि त्याही चांगल्या अवस्थेतल्या. पैसे तिथे राखून ठेवावेत.

या नोटांवर एक मजकूर आहे, तो एकदा तरी नीट पाहावा. सरकारी बँक या नोटा 'रकमेची मर्यादा न ठेवता' सोन्याच्या नाण्यात बदलून देईल, आणि १ रूबल म्हणजे १/१५ इम्पीरियल, त्यात १७.४२४ दोल्या शुद्ध सोने. इम्पीरियल हे सोन्याचे नाणे, दोल्या हे जुने रशियन वजन. हिशेब केला तर ०.७७ ग्रॅमच्या आसपास येते. शिपोव सहीच्या प्रत्येक नोटेवरही हे वचन जसेच्या तसे छापलेले आहे, आणि त्यांतल्या बहुतेक छापल्या गेल्या तेव्हा ते मोडूनही झालेले होते.

आता अनुक्रमांक. नेहमीच्या नोटेवर दोन अक्षरे आणि सहा आकडे असतात, आणि तो क्रमांक त्या एकाच नोटेचा. पण १९१५ नंतर एका रूबलवर आणि १९१७ च्या सुमारास पाच रूबलवर आखूड क्रमांक आला : दोन अक्षरे, आडवी रेघ, आणि पुढे एक ते तीन आकडे. हा नोटेचा क्रमांक नाही, मालिकेचा आहे. एकच क्रमांक असंख्य नोटांवर सापडतो. दोन विक्रेत्यांकडे हुबेहूब तोच क्रमांक दिसला म्हणून नोट बनावट ठरवणारे लोक मी बरेच पाहिले. आखूड क्रमांकाच्या १ रूबलवर अक्षरे 'न-अ' किंवा 'न-ब' असतात (न हे अक्षर इंग्रजी एचसारखे दिसते), ५ रूबलवर 'उ-अ' किंवा 'उ-ब' (उ हे इंग्रजी वायसारखे). 'ब'वाल्या मालिका सोव्हिएत सत्तेने झारच्याच साच्यांवरून छापलेल्या आहेत, आणि 'अ'च्या मोठ्या आकड्यांचा बराच भागही तसाच. म्हणजे मुकुट घातलेला दुहेरी गरुड छापणारे हात बोल्शेविकांचे. यादी जाणणारे विक्रेते ('पिक' ही जगभरच्या नोटांची रूढ यादी) आखूड क्रमांकाचा रूबल 'पिक १५' आणि आखूड क्रमांकाचे पाच 'पिक ३५' म्हणून लिहितात. लांब क्रमांकाचे अनुक्रमे 'पिक १' आणि 'पिक १०'. ऑर्डर देताना हे क्रमांक लिहूनच मागावे, नाहीतर चार रूबल मागवले तर चारही पिक १५ येतात.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून चार फोटो मागावेत : दोन्ही बाजू, प्रकाशासमोर धरून जलचिन्ह, आणि तिरप्या उजेडातला एक. चौथा सर्वांत महत्त्वाचा. सपाट उजेडात घडी दिसत नाही. बाजूने टॉर्च मारला की दाबून सपाट केलेली घडीही रेघ दाखवते. शंभर आणि पाचशेच्या नोटा मोठ्या, शंभराची सुमारे २६ × १२ सेंटिमीटर आणि पाचशेची २७ सेंटिमीटरहून थोडी लांब. इतका कागद पाकिटात मावण्यासाठी त्यांना बहुधा तीन-चार घड्या पडलेल्याच असतात. पाचशेची नोट 'एकही घडी नाही' म्हणून स्वस्तात येत असेल तर ती धुऊन इस्त्री केलेली आहे असे धरावे आणि मगच पुढे बोलावे.

नोट हातात आल्यावर तपासायचा क्रम मी ठरवून ठेवला आहे. प्रथम मोजपट्टी. चारही कडा मोजायच्या, कारण फाटक्या कडा कापून नोट 'कडक' करणे ही जुनी युक्ती आहे. समासाची रुंदी चारही बाजूंना फार वेगळी दिसली की शंका घ्यावी, मात्र मूळ छपाईतही चौकट किंचित सरकलेली असतेच. मग प्रकाश. शंभर आणि पाचशेवर मोठी कोरी जागा आहे, तिथे अनुक्रमे येकातेरिना आणि पीटर यांचे चेहरे जलचिन्हात उमटतात, छटांसह, गालाची गोलाई कळेल इतके. नकलेत हा चेहरा कागदावर फिकट शाईने छापलेला असतो : तो प्रकाशाशिवायही दिसतो आणि त्याला छटा नसतात. मग बोट. याच दोन नोटांवरचे चित्र खोदकामाच्या पाटीवरून छापलेले आहे, त्यामुळे कमी वापरलेल्या प्रतीत रेघा बोटाला लागतात.

त्यानंतर दहापट भिंग. इथे या नोटांचे खरे वैभव कळते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला याच छापखान्यातल्या इव्हान ऑर्लोव यांनी अनेक रंग एकाच दाबात उतरवण्याची पद्धत बसवली. रंग आधी वेगवेगळ्या साच्यांवरून एका पाटीवर गोळा होतात आणि तिथून एकदम कागदावर येतात. परिणाम असा की एकच बारीक रेघ मध्येच हिरव्याची लाल होते, पण तुटत नाही, सरकत नाही, रंगावर रंग चढत नाही. वेगवेगळ्या दाबांत छापलेल्या नकलेत त्या सांध्यावर फट तरी असते किंवा दोन रंग एकमेकांवर तरी. आणि हल्लीच्या प्रिंटरवरची नक्कल असेल तर रेघच नसते, ठिपके असतात. भिंग लावले की तीन सेकंदांत निकाल.

शेवटी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, अंधाऱ्या खोलीत. जुना कागद मंद, पिवळट-तपकिरी दिसतो. निळसर पांढरा झळकला तर कागदात चकाकी आणणारी रसायने आहेत, जी दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली. पण इथे घाई करू नये. अस्सल नोट हल्लीच्या कपड्यांच्या पावडरीत धुतली असेल तरी ती झळकते. कागद अख्खा एकसारखा उजळ असेल तर नक्कल किंवा धुलाई. फक्त घडीवर किंवा कोपऱ्यात उजळ पट्टा असेल तर तिथे नवा कागद आणि गोंद लावून दुरुस्ती केलेली आहे. धुतलेली अस्सल नोट आणि नक्कल यांतला फरक पुन्हा भिंगच सांगते. धुतलेल्या नोटेला काही किंमत असते, फक्त ती 'उत्तम' म्हणून लावू नये. टाचणीची भोके, फाटके टोक, मागे लागलेला गंज हे दोष दुरुस्तीपेक्षा बरे. निदान ते दिसतात.

सुदैव असे की शिपोवच्या साध्या नोटांची नक्कल करण्यात कोणाला फायदा नाही. फसवणूक होते ती साध्या नोटेवर काहीतरी चढवून. अर्खांगेल्स्कमध्ये १९१८-१९ या काळात रशियाच्या उत्तर विभागाच्या बँकेने झारच्या नोटांना बारीक छिद्रांनी आपली चार आद्याक्षरे पाडून चलनात आणले. १९२४ मध्ये सायबेरियाच्या दक्षिणेकडच्या तुवा या छोट्या देशाने रशियन नोटांवर 'लान' या आपल्या चलनातले मूल्य छापले. दोन्ही प्रकार अस्सल आहेत आणि महाग आहेत, म्हणूनच स्वस्त नोटेवर आज छिद्रे पाडणारे आणि शिक्के मारणारेही आहेत. छिद्रे पाहताना एकच कसोटी आधी लावतो : छिद्राच्या कडेचा तंतू. शंभर वर्षे हाताळलेल्या छिद्राची कड मळलेली, दबलेली असते, नव्याची पांढरी. शाईचा शिक्का घडीच्या तुटक्या तंतूंत खोल उतरला असेल तर तो घडी पडल्यानंतर मारलेला आहे. असल्या नोटा पहिल्या दोन-तीन वर्षांत न घेणेच उत्तम.

नकलांमध्ये एक सन्माननीय अपवाद आहे. १८१२ च्या स्वारीसाठी नेपोलियनच्या बाजूने छापलेल्या २५ रूबलच्या असिग्नात्सिया. खऱ्या नोटांवर अधिकाऱ्यांनी शाईने हाती सह्या केलेल्या असत, फ्रेंच नोटांवर सह्या छापलेल्या आहेत. काही प्रतींत 'गोसुदार्स्त्वेन्नोय' या शब्दातल्या द च्या जागी ल पडला आहे. या नोटांना संग्राहक आवडीने पैसे मोजतात, आणि म्हणून त्यांच्याही नकला निघाल्या आहेत.

सुट्ट्या पैशांचा कोपरा छोटा पण गोड आहे. १९१५ मध्ये चांदी आणि तांब्याची नाणी लोकांनी दडवल्यावर सरकारने रोमानोव घराण्याच्या त्रिशताब्दीच्या १९१३ च्या टपाल तिकिटांचीच चित्रे जाड कागदावर, गोंदाविना, छापून चलनात आणली : १, २, ३, १०, १५ आणि २० कोपेक (शंभर कोपेकचा एक रूबल). मागे लिहिलेले असते की हे सुट्ट्या चांदीच्या (लहान मूल्यांवर तांब्याच्या) नाण्याबरोबरीने चालेल. हा माल टपालतिकिटांच्या विक्रेत्यांकडे जास्त सापडतो आणि नोटवाल्यांपेक्षा स्वस्त. दातेरी कडा नसलेली प्रत 'दुर्मीळ चूक' म्हणून दाखवली तर चारही समास मोजा. बहुधा दाते कात्रीने उडवलेले असतात आणि तिकीट अंगाने बारीक झालेले असते. याच काळातल्या खजिन्याच्या कोपेक-नोटांत १, २, ३, ५ आणि ५० चलनात आल्या. १०, १५, २० छापल्या पण बाहेर पडल्या नाहीत, त्या कोणी स्वस्तात देऊ लागला तर हात आवरावा.

संच १९१७ पाशी थांबवायचा की हंगामी सरकारपर्यंत न्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. मी नेतो, कारण त्या सरकारचा पंतप्रधान केरेन्स्की याच्या २० आणि ४० रूबलच्या चिठोऱ्या झारच्या पाचशेशेजारी ठेवल्याशिवाय पडझड डोळ्यांना दिसत नाही : ना क्रमांक, ना सही, ना वर्ष, चाळीस-चाळीसच्या न कापलेल्या तावांत वाटलेल्या. न कापलेला ताव मिळाला तर तो कापू नये, घडीही घालू नये. त्याच वर्षीच्या २५० रूबलच्या नोटेवर मुकुट गमावलेल्या दुहेरी गरुडामागे स्वस्तिक आहे. मराठी घरात ही नोट दाखवली की प्रश्न हमखास येतो. नात्झी पक्ष जन्मालाही येण्याआधीची ही नोट, शुभचिन्ह म्हणून काढलेली.

भारतात बसून खरेदी करताना रशियातून थेट मागवणे सध्या विसरावे. मार्च २०२२ पासून कार्डाने पैसे पोहोचत नाहीत, आणि शंभर वर्षांपुढच्या वस्तू तिथून बाहेर काढताना कागदपत्रांचा प्रश्न वेगळाच. जर्मनी, पोलंड, फिनलंड, बाल्टिक देश इथे साठा भरपूर आहे. पाकिटावरच्या घोषणेत नुसते 'मनी' किंवा 'करन्सी' लिहू देऊ नये, टपालात चलन पाठवायला बंदी असते आणि पाकीट अडकते. 'चलनबाह्य जुनी नोट, संग्रहासाठी' असे आणि सीमाशुल्काचा ९७०५ हा गट लिहायला सांगावे. बिल जपून ठेवावे. आत आलेली नोट पुन्हा परदेशात विकायची वेळ आली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो, तेव्हा पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.

साठवणीत मुंबई-कोकणची हवा हा खरा शत्रू. पावसाळ्यात हवेतील दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर जातो आणि या कागदाला ५० च्या आसपास हवा असतो. पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत, पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे नकोत. त्यांतले तेलकट द्रव्य वर्षभरात शाईला लागते. साध्या अल्बमचे खिसे पाचशेला पुरत नाहीत, किमान २८ × १३ सेंटिमीटरचा खिसा मागून घ्यावा, नाहीतर टोक दुमडते. अल्बम हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. रंग बदलणारी पुडी घेतली की ती कधी भाजून पुन्हा वापरायची ते कळते. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ ठेवू नयेत. कसर लागली असेल तर ती अल्बमच्या पुठ्ठ्यातल्या खळीला येते, नोटेसाठी नव्हे, म्हणून कापडी-पुठ्ठ्याचे जुने अल्बम घरातच आणू नयेत. जून ते सप्टेंबर डबा उघडू नये. नोटा बघायच्याच असतील तर फोटो आहेत.

प्रत्येक नोटेची नोंद तिच्या खिशात नव्हे, वेगळ्या वहीत किंवा संगणकात : मूल्य, नोटेवरचे वर्ष, व्यवस्थापक, रोखपाल, पूर्ण क्रमांक, मोजलेली लांबी-रुंदी, अतिनील प्रकाशातला रंग, कोणाकडून आणि कितीला. नोटेवर पेन्सिलनेही लिहू नये. रोखपालाचे नाव वाचता आले नाही तर ती जागा कोरी सोडून पुढे जावे. त्याच मालिकेची दुसरी, जास्त स्पष्ट नोट पुढे केव्हातरी समोर येते आणि जागा भरते.